पुणं सोडून समुद्रकाठी: रत्नागिरी, अलिबाग की मडगाव?

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी. घरात दर रविवारी जी चर्चा त्याच जागी येऊन अडते, ती आता इथे आणतोय.

आम्ही पाच जण. मी हिशेब आणि करसल्ल्याचं काम करतो, अशिलांशी गाठ बहुतेक फोनवरच. बायको सॉफ्टवेअरमध्ये, कंपनीने घरून काम कायमचं दिलंय, फक्त तिमाहीला एकदा हिंजवडीत तोंड दाखवायचं. मुलगी सातवीत, मुलगा मोठ्या शिशुत. आई ७३ वर्षांची, अँजिओप्लास्टी झालेली, गुडघे कुरकुरतात. पुण्यातला फ्लॅट भाड्याने देऊ, विकणार नाही.

पुणं का सोडायचं यावर कृपया धागा पेटवू नका. समुद्र हवाय, पण खेडं नको. शाळा, दवाखाना, मंडई, वाचनालय पायी किंवा रिक्षाने गाठता येईल असं शहर हवं. यादीत रत्नागिरी, अलिबाग आणि मडगाव. बारा महिने तिथे राहणाऱ्यांनी लिहावं. सुट्टीला जाऊन आलेल्यांची मतं आमच्याकडे भरपूर आहेत, त्यातली निम्मी सोलकढीबद्दल आहेत.

खवचट
अलिबाग काय नि मडगाव काय, तुमचा अर्धा प्रवास सिंहगड रोडच्या कोंडीत, राजाराम पुलापर्यंतच होणार.

मांडवीकर
जन्म रत्नागिरीचा, मधली वर्षं ठाण्यात काढली, आता परत इथेच. म्हणून जरा सविस्तर.

शहर तुमच्या वर्णनात बसतं. मारुती मंदिर ते मांडवी या पट्ट्यात रोजचं सगळं मिळतं. नाचणे रोड आणि कुवारबावकडे नव्या इमारती झाल्या आहेत, स्टेशन त्या बाजूला. शाळा जुन्या आणि चांगल्या, फाटक आणि पटवर्धनची नावं ऐकली असतीलच. पुढे गोगटे-जोगळेकर कॉलेज आहे, इंजिनिअरिंगला फिनोलेक्स अकादमी. २०२३ पासून सरकारी मेडिकल कॉलेजही सुरू झालंय. भाडं ऐकून पुणेकराला आधी बरं वाटतं, मग संशय येतो.

आता दुसरी बाजू. पुण्यात वर्षभरात साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, इथे एकट्या जुलैत त्याहून जास्त. वर्षाचा आकडा ३००० च्या वर. एवढं पाणी डोक्यावर पडून एप्रिल-मेमध्ये नळाला पाणी एक दिवसाआड, कारण इथला जांभा दगड पाणी धरत नाही. जागा बघताना समुद्र दिसतो का हे नंतर विचारा, आधी विहीर आहे का ते विचारा.

जुलैत कपडे वाळत नाहीत, हे सगळे सांगतात. कपाटाचं कोणी सांगत नाही. आमच्याकडे कपाटात खालच्या कप्प्यात ४० वॅटचा पिवळा बल्ब पावसाळाभर चालू असतो. नाहीतर गणपतीत काढायची पैठणी पांढऱ्या ठिपक्यांची निघते आणि चामड्याचा पट्टा हिरवा. ते साधे पिवळे बल्ब आता दुकानातून गायब होताहेत, दिसले की चार घेऊन ठेवा. एलईडीचा उपयोग नाही, तो तापत नाही.

आंबोळी
बल्बच्या मुद्द्याला अनुमोदन. आमची आजी त्याच कपाटात पापडांचा डबाही ठेवायची. सगळ्या साड्यांना उडदाचा वास.

वडखळ_नाका
अलिबागबद्दल लिहितो. वडखळ नाका म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावरची कोंडीची जागा, त्यामुळे सदस्यनामावरून प्रवासाचा अनुभव लक्षात आला असेलच.

अलिबाग हे एका शहराच्या जागी दोन शहरं आहेत. सोमवार ते गुरुवार शांत, जिल्ह्याचं ठिकाण असल्याने सगळी सरकारी कार्यालयं हाताशी, कलेक्टर कचेरीपासून बाजारापर्यंत पायी जाता येतं. शुक्रवार दुपारपासून मुंबई उतरते. मांडव्याला मुंबईहून गाड्या आणणारी रो-रो बोट सुरू झाली २०२० च्या मार्चमध्ये, त्यामुळे लोक आता गाडीसकट येतात. मग २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू झाला. जागेचे भाव मुंबईच्या माणसाकडे बघून ठरतात, तुमच्या-माझ्याकडे बघून नाही. चांगला फ्लॅट वर्षभरासाठी भाड्याने द्यायला मालक नाखूश, कारण शनिवार-रविवारी पर्यटकांना देऊन त्याला जास्त सुटतात. आम्हाला दोन वर्षांत तीन घरं बदलावी लागली, दर वेळी ऑक्टोबरात, हंगाम तोंडावर आला की.

जमेची बाजू अशी की मुंबईचं मोठं इस्पितळ आवाक्यात आहे. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद असतात, रो-रो हवामान बघून चालते, नाहीतर पेणवरून रस्ता. आणि पुणं तिन्हींत जवळ.

सासष्टीकर
मडगावात पंधरा-एक वर्षं आहे, मूळ मिरजेचा. गोवा म्हणजे कळंगुट नव्हे हे तुम्हाला माहीत असावं, म्हणूनच यादीत मडगाव आहे असं धरतो. मडगाव व्यापाऱ्यांचं शहर. मार्केट अप्रतिम, रेल्वेचं मोठं जंक्शन. समुद्र शहरात नाही, कोलव्याला जावं लागतं, पण ते सहा-सात किलोमीटर. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज तासाभरात. त्या संस्थेची मुळं १८४२ सालच्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेत आहेत, आणि आजही अर्धा सिंधुदुर्ग तिथेच उपचाराला येतो. आईंच्या दृष्टीने हा मुद्दा मोठा आहे.

मराठीवर अडत नाही. वर्तमानपत्र, नाटक, भजन सगळं आहे. फक्त कोकणी शिका, आणि 'कोकणी ही मराठीचीच बोली ना?' हे वाक्य कुठेही उच्चारू नका. गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवणार असाल तर नोंदणी बदलून घ्यावी लागते, रोड टॅक्स नव्याने. पुण्याची एमएच-१२ पाटी घेऊन फिराल तोवर भाजीवालीपासून ट्रॅफिक पोलिसापर्यंत सगळे तुम्हाला पर्यटकच समजणार.

खवचट
म्हणजे मडगावात समुद्र नाही, अलिबागेत घर नाही आणि रत्नागिरीत पाणी नाही. धागा संपला, कुलूप लावा.

तुळुनाडू
यादीत मंगळूर का नाही? आई हृदयरुग्ण, मग मोठी इस्पितळं शहरातच असलेलं किनारी शहर बघा. पश्चिम किनाऱ्यावर मुंबई आणि कोची यांच्यामध्ये या बाबतीत मंगळूरच्या तोडीचं शहर नाही. रस्ते, शिक्षण, मासळी, सगळं. सुरतकलला एनआयटी आहे. कोकणी थोडी येत असेल तर बाजारात चालून जातं. कारकळजवळच्या दुर्ग आणि माळा गावांत अजून चित्पावनी बोलणारी घरं आहेत, त्यांचं बोलणं ऐकून तुमच्या आईंना आपल्या आजीची आई आठवेल.

सिंहगडरोडकर
तुळुनाडू, मंगळूरचा विचार केला होता. मुलीला आठवीत एकदम कन्नड घ्यावी लागेल म्हणून सोडला. कर्नाटकात सीबीएसई शाळेतही कन्नड शिकावीच लागते ना?

तुळुनाडू
हो, २०१५ च्या कायद्यापासून. धाकट्याला काहीच वाटणार नाही, मोठीला त्रास होईल हे खरं.

दर्यावर्दी
नौदलात होतो, विशाखापट्टणमला बरीच वर्षं गेली. शहर म्हणून ते या सगळ्यांच्या वर: रुंद रस्ते, मागे डोंगर, पुढे समुद्र, पाऊस आपल्या कोकणाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. पण वादळं. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद थेट शहरावर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहिलं तर समोरच्या टेकडीवर एक हिरवं पान नव्हतं. बंगालचा उपसागर हे प्रकरण वेगळं आहे.

जांभा
वादळं आता आपल्याकडेही येतात. ३ जून २०२०, निसर्ग. श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. माझ्या मामाकडे वीज यायला महिना लागला. पोफळ लावली की हाती यायला सहा-सात वर्षं जातात, त्यामुळे त्या दिवशीचं नुकसान अजून फिटलेलं नाही.

दुसरी_घंटा
शाळेत शिकवते, म्हणून एक कोरडा मुद्दा. तो नंतर फार महागात पडतो.

मुलगी पुढे मेडिकलला जाणार असेल, निदान तशी शक्यता असेल, तर महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातल्या जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून व्हावी लागतात. काही सवलती आहेत, केंद्र-राज्य सरकारी नोकरीतल्या बदल्या वगैरे, पण 'आम्हाला समुद्र हवा होता' ही सवलत नाही. गोव्यात गेलात आणि तिथला दहा वर्षांचा रहिवास भरला नाही, तर मुलगी दोन्हीकडून बाहेर. आता सातवी. म्हणजे मडगाव-मंगळूर हे पर्याय मुलीसाठी या वर्षी पुसले गेले असं समजा. धाकट्यासाठी खुले आहेत.

सासष्टीकर
हे बरोबर आहे. माझ्या मेहुण्याच्या मुलाचं नेमकं हेच झालं. मी लिहिताना हा मुद्दा डोक्यातच नव्हता, कारण माझी दोन्ही पोरं इथेच जन्मली.

निवांत
एवढं गणित करायचं तर समुद्राकाठी जाताय कशाला? मुलीला विचारलंत का तिला डॉक्टर व्हायचंय का?

दुसरी_घंटा
निवांत, सातवीतल्या मुलीला विचारलं तर ती पशुवैद्य किंवा यूट्यूबर म्हणेल. दार उघडं ठेवणं आईबापाचं काम.

आंबोळी
मूळ मुद्दा राहू दे, पण विंचू-सापांचं कोणी बोलत नाहीये. माझी पुण्याची वहिनी रत्नागिरीला पहिल्या पावसात न्हाणीघरात विंचू बघून थेट बसस्टँडवर गेली होती.

जांभा
लाल विंचवाने पूर्वी कोकणात पोरं जायची. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून ते चित्र बदललं. त्यांचे शोधनिबंध 'लॅन्सेट'मध्ये आले, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. एका ग्रामीण दवाखान्यातून झालेलं काम आहे ते.
विंचवाइतकंच लेप्टोलाही जपा, म्हणजे उंदरांच्या मुतातून चिखलात येणाऱ्या तापाला. पावसाळ्यात पायाला जखम असताना चिखलात उतरू नका.

वडखळ_नाका
शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला विंचवापेक्षा एसीची चिंता जास्त. बाहेरच्या युनिटची जाळी खाऱ्या वाऱ्याने दोन-तीन वर्षांत भुगा होते. घेताना तांब्याच्या कॉइलवर गंजरोधक लेप आहे का विचारा, आणि युनिट समुद्राच्या विरुद्ध भिंतीवर लावा. दाराच्या बिजागऱ्या स्टेनलेस. कुलपं पितळी. पुण्याचं लोखंडी कपाट पुण्यातच ठेवून या.

खवचट
आणि पुणेरी पाट्या? त्या गंजतात का?

मांडवीकर
गंजत नाहीत, पण इथे कोणी वाचत नाही.

सिंहगडरोडकर
दुसरी_घंटा यांचे मनापासून आभार. बायकोने तो प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला आणि मडगाव यादीतून गेलं. अलिबागचं भाडं आम्ही परवा फोनवरून काढलं, वडखळ_नाका म्हणतात तसंच आहे. एका मालकाने अकरा महिन्यांच्या करारात मे महिना वगळायला सांगितलं!

म्हणजे रत्नागिरी. आता दोन प्रश्न. इंटरनेट कसं आहे, आणि आईला रात्री काही झालं तर?

मांडवीकर
इंटरनेट: फायबर आहे, वेग पुण्याइतका. पण रस्त्याचं काम निघालं की केबल तुटते, आणि रस्त्याचं काम कायम निघालेलं असतं. दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या घ्या, एक केबलची, एक मोबाईलची. इन्व्हर्टर मोठा घ्या, वीज गेली की थोड्या वेळाने मोबाईलचा टॉवरही मान टाकतो. विजा चमकायला लागल्या की राउटर प्लगमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आईंचं: खरं सांगतो. रोजच्या तपासणीला डॉक्टर आहेत, बाहेरचे तज्ज्ञ ठरलेल्या दिवशी येतात, जिल्हा रुग्णालय आहे. पण मोठं काही झालं की इथली माणसं चिपळूणकडचं डेरवणचं इस्पितळ किंवा कोल्हापूर गाठतात. कोल्हापूर आंबा घाटातून साधारण १३० किलोमीटर, उन्हाळ्यात तीन तास धरा, पावसाळ्यात घाट किती मोकळा आहे त्यावर. तुमच्या पुण्याच्या हृदयविकारतज्ज्ञांना नेमकं विचारा की रात्री दोनला छातीत दुखलं तर पहिल्या तासात काय द्यायचं, मग इथल्या एका फिजिशियनकडे आधीच फाइल काढून ठेवा. तब्येत बिघडल्यावर डॉक्टर शोधायला निघू नका.

निवांत
यावर कोणी स्पष्ट बोलत नाही म्हणून मी बोलतो. ७३ वर्षांच्या हृदयरुग्णाला मोठ्या इस्पितळापासून तीन तास लांब नेणं मला पटत नाही. तुमची हौस, जोखीम त्यांची.

आंबोळी
निवांत, पुण्यात संध्याकाळी सातला सिंहगड रोडवरून रुग्णवाहिका कुठवर पोचते हेही मोजा की. माझे सासरे धायरीतून निघून पाऊण तास एकाच उड्डाणपुलाखाली होते.

निवांत
पाऊण तास आणि तीन तास यांत फरक आहे.

दर्यावर्दी
आईंना कोणी विचारलंय का? सगळा धागा त्यांच्या छातीवरून चाललाय.

सिंहगडरोडकर
विचारलं. आईचं उत्तर जसंच्या तसं: "मला समुद्राचं काही नाही, मी वाईची. मला गुरुवारचं भजनी मंडळ हवं, लिफ्ट हवी आणि दुपारी बोलायला कोणीतरी हवं. डॉक्टर काय, इथला तरी मला कुठे ओळखतो, फाइल बघून बोलतो."

निवांत यांचा मुद्दा मी बाजूला टाकत नाहीये. तिच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, ते नको म्हणाले तर विषय तिथेच थांबेल.

मांडवीकर
मग आईंची सोय सगळ्यात सोपी. भजनी मंडळं इथे वाडीगणिक आहेत. लिफ्ट असलेली इमारत मात्र शोधावी लागेल, जुन्या तीन मजली इमारतींना नाही. आणि दुपारी बोलायला माणसं? दोन दिवसांत त्यांना तुमच्याबद्दल तुमच्यापेक्षा जास्त माहिती होईल.

जांभा
एक पावसाळा भाड्याने राहून बघा आणि मग ठरवा, हा नेहमीचा सल्ला कोणी दिलाच नाही अजून.

दुसरी_घंटा
कारण तो शाळेतल्या मुलांच्या आईबापांना लागू पडत नाही. पाऊस आणि राज्य बोर्डाची शाळा दोन्ही जूनच्या मध्यात सुरू होतात. पावसाळा बघायचा तर दाखला काढूनच बघावा लागतो. त्यातल्या त्यात, आठवी हे बदलाला शेवटचं बरं वर्ष. नववीनंतर नका हलवू.

जांभा
मग निदान या जुलैत चार दिवस सगळे जाऊन राहा, हॉटेलात नाही, कोणाच्या घरी वरच्या खोलीत. समुद्र तेव्हा तांबडा असतो आणि भाट्याच्या पुलावर उभं राहवत नाही. मासेमारी बंद, बाजारात सुकट आणि खाडीची मासळी. तेव्हा जे शहर दिसेल तिथे तुम्हाला राहायचं आहे.

तिसऱ्या
मुंबई-गोवा महामार्गाबद्दल एवढे प्रतिसाद होऊन कोणी शिवी दिली नाही, हा विक्रम असावा. २०११ पासून काम चालू आहे.

वडखळ_नाका
मी माझ्या नावातच दिली आहे.

मांडवीकर
पुण्याला जायला तो रस्ता लागतोच असं नाही. रेल्वे थेट पुण्याला सोयीची नाही, पनवेलवरून फिरून जावं लागतं. बहुतेक जण आंबा घाट चढून कऱ्हाडवरून जातात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक असतं, मुसळधार लागली की गाडी ताशी ४० च्या वर जात नाही. हिंजवडीला तोंड दाखवायची तारीख जुलैत येणार नाही असं वहिनींनी साहेबांकडून आधीच कबूल करून घ्यावं.

खवचट
ब्रह्मदेशाचा थिबा राजाही रत्नागिरीत तीस वर्षं राहिला. १८८६ ते १९१६. पण त्याला इंग्रजांनी आणून ठेवला होता, धागा काढून आला नव्हता.

मांडवीकर
आणि राजवाडा पुरा व्हायला १९१० उजाडलं. तोवर भाड्याच्या बंगल्यांत. म्हणजे इथे जागा मिळायला तेव्हाही वेळ लागायचा.

सिंहगडरोडकर
आईच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते म्हणाले तब्येत स्थिर आहे, जायला हरकत नाही. पण तीन अटी: दर सहा महिन्यांनी तपासणी पुण्यातच, तातडीच्या गोळ्या उशाशी, आणि तिथला फिजिशियन पहिल्या आठवड्यात ठरलेला. निवांत, समाधान झालं नसेल, पण एवढं तरी झालं.

जुलैत जातोय सगळे. मुलगी म्हणते ती बूट नेणार नाही, धाकटा म्हणतो पोहायला जाऊ, त्याला अजून तांबडा समुद्र सांगितलेला नाही. मांडवीकर, लिफ्ट आणि विहीर दोन्ही असलेली इमारत डोळ्यांसमोर असेल तर व्यक्तिगत निरोप करा. नाचणे रोडवर की थिबा पॅलेसच्या बाजूला?

मांडवीकर
थिबा पॅलेस रोडला वारा चांगला, भाडं जास्त. नाचण्याला उलट. निरोप करतो, दोन जागा आहेत. एकीत विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असतं, पण मालक शाकाहारी कुटुंब शोधतोय. तुमचं काय?

सिंहगडरोडकर
दुसरी दाखवा.